आमच्या गावचे कंट्रोल, युद्धाच्या आठवड्यात आणि नंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात शासनमान्य स्वस्त धान्य दुकानाला त्याच्या पाटीवरील नावाने कोणी ओळखत नाही. तांदूळ 'कंट्रोलचा' असतो, गहू 'कंट्रोलात' आलेला असतो आणि शटर वर गेले की पोरे 'कंट्रोल उघडलं' असे ओरडत गल्लीतून पळतात. हा शब्द आमच्या आजोबांच्या काळात लढाईच्या पाठीवर बसून आला. दुसऱ्या महायुद्धात धान्याचा भाव, वाहतूक आणि विक्री यांवर सरकारने नियंत्रणाचे हुकूम काढले, त्या हुकमांना लोक 'कंट्रोल' म्हणू लागले आणि पुढे हुकूम बदलत गेले तरी दुकानाचे नाव तेच राहिले. एरवी रेशन दुकानाचे परीक्षण कोणी लिहीत नाही, कारण तेथे गिऱ्हाइकाला निवड नसते आणि निवड नसेल तेथे मत विचारण्याचीही पद्धत नसते. तरीही मी हे लिहीत आहे, कारण २०२५ च्या मे आणि जून महिन्यांत हे दुकान ज्या कामासाठी मुळात जन्माला आले त्या कामाच्या अगदी जवळ उभे राहिलेले मी पाहिले.

आधी माझी ओळख सांगणे योग्य होईल. मी शेती करतो आणि तालुक्याच्या एका महाविद्यालयात काही वर्षे तासिका तत्त्वावर इतिहास शिकवला आहे. माझे स्वतःचे कार्ड केशरी असून त्यावर आता धान्य मिळत नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे. तरीही दुकानात मी दर महिन्याला जातो, कारण शेजारच्या आजींचे गुडघे चालत नाहीत आणि अंगठा त्यांनाच लावावा लागतो. त्यांचे कार्ड प्राधान्य कुटुंबाचे आहे. घरात त्या, विधवा सून आणि दोन नातवंडे अशी चार माणसे आहेत आणि माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला वीस किलो धान्य त्यांना मिळते, बहुतेक वेळा बारा किलो तांदूळ आणि आठ किलो गहू. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे; त्याआधी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलोने मिळत असे.

दुकान एका महिला बचत गटाकडे आहे. समाजमंदिराच्या मागच्या अंगाला टिनाचे छप्पर असलेली एक खोली, तिच्या दाराशी लाकडी टेबल, टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा आणि त्याच्या शेजारी अंगठ्याचा ठसा घेऊन नोंद करणारे पॉस मशीन, मागे भिंतीला लागून पन्नास किलोच्या कट्ट्यांची थप्पी आणि थप्पीखाली ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्या, एवढेच सामान आहे. काट्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे असते. ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु याआधी ज्या दुकानातून आम्ही धान्य आणत होतो तेथे तराजू आतल्या अंधारात टांगलेला असे, माप डब्याचे असे आणि डब्याचा तळ आतून किती वर ठोकलेला आहे हे गावातील लोहाराशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. एका दिवाळीला त्या दुकानात माझ्या वडिलांच्या कार्डावर दोन महिन्यांची नोंद झाली आणि चुंगडीत एकाच महिन्याचे धान्य पडले; वडील तक्रार न करता परत आले आणि मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आताच्या गटातील ताई प्रत्येकाला मशीनमधून निघालेली पावती न मागता देतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला 'बारा न आठ, वीस झाले' असे मोठ्याने सांगतात. मागच्या रांगेतील वीस माणसांनाही ते ऐकू जाते, हा त्यातला खरा हिशेब आहे.

आता त्या आठवड्याकडे येतो. ७ मे २०२५ रोजी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि पुढचे तीन दिवस गावातील प्रत्येक मोबाइलवर युद्ध चालू होते. सीमेपासून आम्ही इतके दूर आहोत की आकाशात काही उडताना दिसलेच तर ते टिटवी किंवा घार असते. तरीही भीतीला अंतर कळत नाही. एका संदेशात पंधरा दिवसांचे पीठ भरून ठेवा असे होते, दुसऱ्यात मीठ मिळणार नाही असे होते. ९ मे रोजी चंदीगडच्या प्रशासनाने साठेबाजीविरुद्ध आदेश काढला, आणि त्याच दिवशी केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांना देशात पुरेसा धान्यसाठा आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये, असे जाहीरपणे सांगावे लागले. मंत्र्यांचे म्हणणे खरे होते, परंतु 'घाबरू नका' असे कोणी सांगितले की आमच्याकडे माणूस आधी घरातील पिंप किती भरलेले आहे ते पाहतो. गावातील किराणा दुकानात ८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तेलाचे पिपे संपले होते आणि जे उरले ते 'उद्या भाव विचारून सांगतो' या सदरात गेले होते.

कंट्रोलवर मे महिन्याचे वाटप तेव्हा सुरूच होते. साधारणपणे लोक महिनाअखेरपर्यंत सवडीने येतात. त्या दोन दिवसांत मात्र पहाटेपासून चुंगड्यांची रांग लागली. माणसे घरी आणि चुंगड्या रांगेत, प्रत्येक चुंगडीवर एक दगड, ही आमची पद्धत आहे. ताईंनी जे केले ते मला अजून आठवते. त्यांनी दारावरच्या काळ्या फळ्यावर खडूने तीन ओळी लिहिल्या: आलेला तांदूळ इतके क्विंटल, आलेला गहू इतके क्विंटल, एकूण कार्डे इतकी, आणि खाली, सर्वांना पुरेल. मग त्यांनी पुऱ्यानुसार, म्हणजे वस्तीवार, चिठ्ठ्या दिल्या, आज वरचा पुरा, उद्या बौद्धवाडा, परवा बेड्यावरची मंडळी. अर्ध्या तासात निम्मी रांग आपापल्या चुंगड्या उचलून घरी गेली. त्या फळ्यावर हिशेब होता, आणि मंत्र्यांच्या निवेदनात नेमका तोच नव्हता.

इतिहास शिकवलेल्या माणसाला येथे मुंबई आठवणे अपरिहार्य आहे. मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले आणि ब्रह्मदेशातून समुद्रमार्गे येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईसारखे शहर स्वतः काही पिकवत नाही. बंदरातून आणि रेल्वेने येईल तेच खाते. प्रथम सरकारी धान्य दुकाने उघडून पाहण्यात आली आणि अखेर २ मे १९४३ पासून मुंबईत कार्डावर मोजून धान्य देण्याची पद्धत सुरू झाली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशनिंग करावे आणि प्रौढ माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, धान्य द्यावे अशी शिफारस केली. १९४६ मध्ये ते बारा औंसांवर, म्हणजे ३४० ग्रॅमवर, आले. तांदूळ खाणाऱ्यांना गहू आणि बाजरी घ्यावी लागली, घरोघर त्यावरून कुरकुर झाली. पण कार्ड असलेल्याच्या वाट्याला काही ना काही येत राहिले. त्या समितीच्या नकाशात लाखाच्या आतील वस्ती म्हणजे जवळपास सगळा देश बाहेर होता. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात मोडत होता आणि आमच्यासारख्या गावांकडून शहरांना अपेक्षा होती ती धान्य पाठवण्याची. हे दुकान गावात फार उशिरा आले आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

नियंत्रण हटवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. येथून फार लांब नसलेल्या सेवाग्रामात ज्यांनी आपली वर्षे काढली त्या गांधीजींनी १९४७ च्या अखेरीस कंट्रोल उठवण्याचा आग्रह धरला, ते उठले, भाव भडकले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात सरकारला ते पुन्हा लावावे लागले.

युद्धविराम १० मे रोजी संध्याकाळी झाला. गावातील भीती मात्र त्यानंतरच खरी वाढली आणि त्याला कारण शासनाचाच एक चांगला निर्णय होता. पावसाळ्यात वाहतूक अडू नये म्हणून जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य एकदमच उचलून वाटावे असे केंद्राने राज्यांना कळवले होते. जूनमध्ये ताईंनी फळ्यावर 'तीन महिन्यांचे धान्य एकत्र मिळेल' असे लिहिताच पारावर निष्कर्ष निघाला. 'सरकारले मालूम हाय बाप्पा, लढाई लंबी चालणार हाय,' असे एकाने म्हटले आणि पावसाळ्याचे कारण कोणी ऐकूनही घेतले नाही. मला यात हसण्यासारखे काही वाटले नाही. ज्या गावाने कार्डावर महिन्याचे धान्य पंधरा दिवस उशिरा येताना वर्षानुवर्षे पाहिले, त्या गावाला तीन महिन्यांचे आगाऊ धान्य ही कोणत्या तरी संकटाची चाहूल वाटणारच.

वाटपाचे ते दिवस सेवेच्या दृष्टीने सर्वात कठीण गेले. मशीनमध्ये प्रत्येक महिन्याची नोंद वेगळी, म्हणून अंगठाही तीनदा. कापूस वेचून आणि निंदण करून ज्यांची बोटे घासली गेली आहेत त्या बायांचे ठसे एकदाच उमटताना मारामार, तेथे तीनदा कोठून उमटणार! आजींच्या उजव्या अंगठ्याने हात टेकले, मग डावा, मग तर्जनी, मग ओल्या फडक्याने पुसून पुन्हा उजवा, असे पाऊण तास चालले. त्यात सर्व्हर बंद पडे. नेट मिळावे म्हणून ताई मशीन हातात घेऊन समाजमंदिराच्या पायरीवर चढत आणि रांग त्यांच्यामागे वळसा घेई. बसायला सावली नाही, प्यायला पाण्याचा माठ नाही, आणि हे मी दुकानाच्या खात्यावर उणे म्हणूनच लिहितो; गटाला क्विंटलमागे त्या वेळी १५० रुपये मिळत होते, म्हणजे आजींच्या साठ किलोंमागे नव्वद रुपये, हे मान्य केले तरी एका माठाला आणि दोन बांबूंवरच्या हिरव्या जाळीला फार खर्च येत नाही.

अशाच एका बंद सर्व्हरच्या दुपारी मी आजींच्या सातवीतल्या नातवाला दुसऱ्या महायुद्धात वेढा पडलेल्या रशियातील लेनिनग्राड शहराची हकिकत सांगत होतो. जर्मन फौजांनी ८ सप्टेंबर १९४१ रोजी त्या शहराचे जमिनीवरील शेवटचे रस्ते तोडले आणि वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी, ८७२ दिवसांनी. वेढ्याच्या पहिल्याच दिवशी बाँबहल्ल्यात बदायेव गोदामांना आग लागून पीठ आणि साखर जळाली. धान्य येण्याचा एकच मार्ग उरला, लादोगा सरोवर. हिवाळ्यात ते गोठले की बर्फावरून मालमोटारी चालत. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात मुलांना, म्हाताऱ्यांना आणि कारकुनांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत असे, कामगारांना २५० ग्रॅम, आणि त्या पावात पिठाखेरीज बरेच काही मिसळलेले असे. ताई ऐकत होत्या. त्यांनी काट्यावर वर्तमानपत्राचा कागद ठेवला, काटा शून्यावर आणला आणि फुटलेल्या कट्ट्यातील तांदूळ मुठीने टाकत ०.१२५ पर्यंत आणला. दोन मुठींतच झाला. आजींनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, 'एवढं तं मी कोंबड्याइले टाकतो.' मग नातवाने विचारले, आपल्याला दिवसाला किती मिळते? पाच किलोला तीस दिवसांनी भागले तर सुमारे १६७ ग्रॅम येतात. काटा पाच ग्रॅमच्या टप्प्याने चालतो, म्हणून ताईंनी १६५ वर थांबवला. कागदावर आणखी अर्धी मूठ पडली होती.

या तुलनेला मर्यादा आहे आणि ती मी मुलालाही सांगितली. लेनिनग्राडच्या माणसाला त्या तुकड्याबाहेर जवळपास काही नव्हते आणि लाखो माणसे उपासमारीने मेली. आमच्याकडे १६५ ग्रॅम हा पोटाचा एक भाग आहे, बाकीचे मजुरीतून, शेतातून, अंगणवाडीतून येते. मुंबईच्या १९४३ च्या कार्डावरील पौंडाशी ताडून पाहिले तर आमचा वाटा त्याच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक भरतो. तरीही वजन डोळ्यांना दिसले की गोष्ट कळते. मुलाने त्या दिवशी पावती घडी करून दप्तरात ठेवली.

मालाविषयी. गहू त्या वर्षी बरा होता. खडे कमी, चाळणीत सोंडे नाहीत. तांदूळ जाड, मोड जास्त, पण भात मोकळा होतो. मध्यंतरी गव्हाऐवजी ज्वारी आली तेव्हा गाव खूश झाले, कारण आमचे मूळ खाणे भाकर हेच आहे. मात्र ती ज्वारी काळपट होती आणि भाकर थापताना कडेने चिरत होती. त्या तांदळात जे फिक्कट, किंचित पिवळसर दाणे दिसत त्यांना गावात 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणत. ते दाणे तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून बनवलेले असतात, शंभर किलोंत एक किलो या प्रमाणात मिसळलेले असत आणि धुताना काही वर तरंगत. बाया ते निवडून बाहेर फेकत, म्हणजे नेमके औषध उकिरड्यावर जाई. ताई सांगत, पण एकेकीला सांगून किती सांगणार. कट्ट्यावरची माहिती मोठ्या अक्षरांत दारावर लावली असती तर काम झाले असते. साखर त्या वर्षी फक्त अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांच्या कार्डांना होती, महिन्याला एक किलो, वीस रुपयांत. रॉकेल आता कोणाला आठवतही नाही.

साठ किलो धान्य तीन महिने टिकवणे हा चार माणसांच्या घराचा वेगळाच प्रश्न आहे. पूर्वी घरोघर कणग्या होत्या, शेणाने लिंपलेल्या. आता सिमेंटच्या खोलीत एक पत्र्याची कोठी असते आणि तीत घरची तूर असते. आजींनी गहू उन्हात घातला, कडुनिंबाचा पाला थराथराने टाकला आणि तांदूळ दोन प्लास्टिकच्या टाक्यांत भरला. ऑगस्टपर्यंत तांदळात सोंडे झालेच. शासनाने धान्य आगाऊ देताना प्रत्येक कार्डामागे एक झाकणाची कोठी दिली असती तर फार बरे झाले असते, परंतु ही सूचना ज्याने त्याने वरच्या वर पाठवावी, ताईंच्या हातात ती नाही.

आणि येथे एक अवघड गोष्ट लिहिणे भाग आहे. जूनमध्ये दुचाकीवर पाठीमागे काटा बांधलेला माणूस गावात नेहमीपेक्षा जास्त वेळा आला. तो कंट्रोलचा तांदूळ तेव्हा किलोला अठरा रुपयांनी घेत होता. हे बेकायदेशीर आहे, हे त्याला माहीत आहे आणि देणाऱ्यालाही. पण जून हा पेरणीचा महिना असतो. कपाशीच्या बियाण्याचे ४७५ ग्रॅमचे पाकीट त्या वर्षी ९०१ रुपयांना होते, आणि आजींइतक्या कुटुंबाचा तीन महिन्यांचा सगळा छत्तीस किलो तांदूळ विकला तरी ६४८ रुपये हाती येतात, म्हणजे एक पाकीटही येत नाही. तरीही लोकांनी विकला. लेनिनग्राडमध्येच वाविलोव्ह यांच्या वनस्पती संस्थेत जगभरातून जमवलेले बियाणे होते. वेढ्यात ते सांभाळणारे शास्त्रज्ञ उपासमारीने मेले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव गेले तेव्हा त्यांच्या भोवती तांदळाच्या वाणांची हजारो पाकिटे होती. बी खायचे नसते, हे आमच्या गावातील कोणत्याही म्हातारीला वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्याकडे आता घरचे बी उरले नाही, म्हणून खाण्याचे धान्य विकून बी आणावे लागते, एवढाच फरक पडला आहे. या विक्रीबद्दल मी दुकानाला दोष देत नाही. दोष द्यायचा तर तांदूळ न खाणाऱ्या मुलखाला पाचातले तीन किलो तांदूळ देणाऱ्या वाटणीला द्यावा लागेल.

आता माझी स्वतःची तक्रार. विदर्भ आणि मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून याच दुकानातून माणशी पाच किलो धान्य मिळत असे. २०२३ मध्ये ते बंद होऊन त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये बँकेत टाकण्याचे ठरले आणि २०२४ मध्ये ते १७० झाले. कागदावर हिशेब बरोबर होता, कारण शांततेच्या दिवसांत १७० रुपयांत पाच किलो साधा गहू कसाबसा येत असे. माझ्या खात्यात मात्र हे पैसे कधी आले, कधी पाच महिने आले नाहीत, आणि विचारायला गेलो की एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवण्यात आले. परंतु उशीर ही माझी मुख्य तक्रार नाही. मे महिन्याच्या त्या आठवड्यात आजींच्या वीस किलोंचे वीस किलोच राहिले. माझे १७० रुपयेही १७० च राहिले, पण किराणा दुकानात त्यांचे पाच किलो होईनात. भाव दोन-चार रुपयांनीच हलला होता आणि आठवड्यात परत बसला, हे खरे आहे. न बसता तर?

१९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये तो बसला नाही. कोलकात्यात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला तेराचौदा रुपये असलेला तांदूळ पुढच्या मे महिन्यात तिसाच्या वर गेला. शहरातील कारखान्यांचे आणि सरकारी कचेऱ्यांचे कामगार यांना मालकांच्या आणि सरकारच्या योजनांतून स्वस्त तांदूळ मिळत राहिला. खेड्यातील शेतमजूर, कोळी, नावाडी यांच्या हातात मजुरीचे पैसे होते आणि त्या पैशांत दर आठवड्याला कमी तांदूळ येत होता. ती माणसे चालत कोलकात्याच्या फुटपाथावर आली आणि दारोदार भाताची पेज मागत मेली. अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले की त्या वर्षी धान्य इतके कमी नव्हते. ते विकत घेण्याची ताकद लोकांच्या हातून गेली होती. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख मानला, नंतरचे अभ्यासक तीस लाखांपर्यंत जातात. कोलकाता शहरात कार्डावरील रेशन सुरू झाले ते ३१ जानेवारी १९४४ रोजी. पैसे सगळ्यांच्या पुढे पळणाऱ्या भावामागे धावतात आणि वजन जागेवर उभे असते, हे मला वर्गात कितीदा सांगूनही जितके पटले नव्हते तितके माझ्या बँकेच्या पुस्तकातील त्या एका ओळीने पटले. पाच किलो मला परत मिळाले तर मी १७० रुपये आनंदाने सोडीन, आणि धान्य आणायला रांगेत उभा राहीन.

एकूण गुणांकन करायचे तर पाचपैकी साडेतीन. वजन, पावती आणि फळ्यावरचा हिशेब यांसाठी पूर्ण गुण. अंगठ्याच्या छळाबद्दल एक वजा, जरी त्याचा दोष वरच्यांचा आहे. आणि अर्धा वजा सावली आणि पाण्याबद्दल, जो पूर्णपणे गटाचा आहे. बाहेरगावच्या मजुरांशी दुकान कसे वागते हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. सोयाबीनच्या कापणीला मेळघाटाकडून आलेल्या कुटुंबांना देशभर चालणाऱ्या कार्डाच्या सोयीवर येथे धान्य घेता येते, आणि ताई त्यांना रांगेत मागे ढकलत नाहीत. युद्धकाळातील इंग्लंडमध्ये १९४० पासून १९५४ पर्यंत रेशनिंग चालले, तेव्हा ज्या दुकानात नाव नोंदवले तेथूनच मटण आणि लोणी घ्यावे लागे. त्या मानाने ही सोय मोठी आहे. गावातील काहींना मात्र 'आपलं धान्य त्याइले काऊन?' असा प्रश्न पडतो, आणि ताई फळ्याकडे बोट दाखवतात.

जुलै आणि ऑगस्टमध्ये दुकान बंदच होते, कारण वाटायला काही नव्हते आणि गटातील बाया निंदणाला होत्या. सप्टेंबरचे धान्य आले त्या दिवशी मी आजींना घेऊन गेलो. टाकीच्या तळाशी दोन शेर तांदूळ उरला होता, सोंड्यांसकट. तो त्यांनी सुपात पाखडून घेतला होता आणि म्हणूनच आम्ही उशिरा पोहोचलो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: सकाळी आठ ते साडेदहा नेट चांगले असते, कार्डाबरोबर आधारची प्रत न्यावी, ई-केवायसी झाली नसेल तर रांगेत उभे राहण्याआधी ती करून घ्यावी, म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याला आदल्या रात्री खोबरेल तेल लावून सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे, आणि चुंगडीवर ठेवायचा दगड घरूनच न्यावा, कारण समाजमंदिराजवळचे सगळे दगड आता कोणाच्या ना कोणाच्या चुंगडीवर असतात.